तळाचं बटण

19 मे 2024, रात्री

उद्या मतदान आणि माझं अजून ठरत नाहीये. आजवर एकही निवडणूक चुकवलेली नाही, पण असा घोळ कधी झाला नव्हता. 2019 ला ज्या चिन्हासमोरचं बटण दाबलं ते आता एका गटाकडे, ज्यांच्याकडे बघून दाबलं ती माणसं दुसऱ्या गटात. शिवाय ज्यांच्या विरोधात दाबलं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून यातले काही बसलेत. माझं मत नक्की कुठे गेलं, हे पाच वर्षांनी मलाच सांगता येत नाही.

म्हणून नोटा, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'चं बटण. दुपारी आईला बोललो, तर म्हणाली, "त्याने कुणाचं वाकडं होणारे रे?"

खरंच, कुणाचं? हे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालामुळे आलं. त्याआधी नियम 49-ओ होता. 'मत द्यायचं नाही' असं केंद्राध्यक्षांना सांगायचं, नोंदवहीत तशी नोंद, तिच्यावर सही. सगळं पोलिंग एजंटांच्या देखत! आता निदान रुसवा गुप्त राहतो. पण लोकसभेला नोटा पहिला आला तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तोच खासदार. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक संस्थांसाठी नोटा पुढे गेल्यास फेरनिवडणूक ठेवली. नगरसेवकाला जो धाक, तो खासदाराला नाही.

सुरतेत तर गेल्या महिन्यात उमेदवार बिनविरोध निवडून आला. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद, उरलेल्यांची माघार. तिथल्या लोकांना रुसायलाही यंत्र मिळालं नाही.

झोप येत नाही. पंख्याचाही आवाज येतोय.

5 जून

दाबलं. यादीत सगळ्यात खाली, चौकटीवर काळी फुली. मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसली नि खाली पडली.

काल दिवसभर टीव्हीवर इंदूरचा नोटा: 2,18,674. तिथे काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली, मग पक्षानेच नोटाचा प्रचार केला. तरी जिंकणाऱ्याला 12 लाखांहून जास्त मतं पडली. पण त्या नोटामागे कुणीतरी उभं होतं, म्हणून तो ऐकू आला. माझा नुसताच माझा.

आमच्या मतदारसंघातला आकडा कुणी वाचलाच नाही. शेवटी आयोगाच्या साइटवर शोधला. विजयाचं अंतर त्याच्या कितीतरी पट.

आईने अजून विचारलेलं नाही. मीही विषय काढलेला नाही.