जुने गोवे, संत फ्रान्सिसच्या चर्चचं मॉडेल, प्रमाण १:१०० : काम कुठवर आलं

भिंती उभ्या राहिल्या, कमानीचं छत बसलं, मुख्य वेदी अर्धी सोनेरी झाली आणि दरवाजा वेगळ्या प्रमाणात करायचं नक्की झालं. मठाची बाजू अजून कोऱ्या ग्रेबोर्डात (जाड करड्या पुठ्ठ्यात) आहे, ती मुद्दामच मागे ठेवली आहे. चर्च लांबीतून उभं कापून दक्षिणेची बाजू उघडी ठेवली आहे, म्हणजे आतलं सगळं एका नजरेत दिसतं.

हेच चर्च का, तर मॉडेल करणारे बहुतेक जण जुन्या गोव्यातली बॉम जेझू किंवा सी कॅथेड्रल ही चर्च घेतात. असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च सी कॅथेड्रलच्या पाठीमागे आहे. सी पूर्वेला तोंड करून उभं, हे पश्चिमेला. त्याला चिकटून असलेल्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. लोक एकदा संग्रहालय बघतात, एकदा चर्च बघतात, आणि दोन वेगळ्या जागा बघितल्याच्या समजुतीत घरी जातात. माझं म्हणणं असं की ही एकच वास्तू आहे. ती साधूंच्या मठाची आहे हे डोक्यात ठेवलं नाही तर आतल्या निम्म्या गोष्टींचा अर्थच लागत नाही. भिंती चिकटवायला घेतल्यावर हे आणखी पटत गेलं.

इतिहास थोडक्यात. फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या, साधूंनी इथे १५१७ च्या सुमारास एक लहानसं चॅपेल बांधलं. त्याच्या जागी १५२१ मध्ये पवित्र आत्म्याला वाहिलेलं चर्च आलं. ते पाडून १६६१ मध्ये आजचं चर्च उभं राहिलं. जुन्यातलं फक्त मुख्य प्रवेशद्वार ठेवलं आणि नव्या दर्शनी भिंतीत बसवलं. पुढे १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले, १८३५ मध्ये त्याची अंमलबजावणी गोव्यात झाली आणि साधू गेले. आज तिथे रोजची उपासना होत नाही.

आता बांधणी. आत शिरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे मधे खांब नाहीत. एकच लांब, मोकळं दालन, दोन्ही बाजूंना तीन-तीन चॅपेलं. ही चॅपेलं एकमेकांपासून वेगळी करतात त्या आडव्या भिंती म्हणजेच इमारतीचे आधार. बाहेरून टेकू लावण्याऐवजी ते आत घेतले, त्यांच्या मधल्या खणांत वेद्या मांडल्या आणि वर गॅलरी काढली. छताचा रेटा याच भिंती झेलतात. मॉडेल करताना म्हणूनच बाहेरचं खोकं आधी करू नका. मी आडव्या भिंती आधी कापल्या, त्यांना खाचा पाडल्या आणि लांब भिंत त्या खाचांत सरकवली. सगळं आपोआप काटकोनात आलं, गोंद सुकेपर्यंत चिमटे लावत बसावं लागलं नाही. खऱ्या इमारतीत जे काम करतं तेच मॉडेलमध्ये करतं, हा या छंदातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

कापलेल्या कडा मी जांभ्याच्या रंगात रंगवल्या आहेत. चर्च जांभ्या दगडाचं आहे, वर चुन्याचा गिलावा. त्यामुळे कापलेल्या जागी तांबूस आणि पृष्ठभागावर पांढरं, असं भिंतीचं पोट दिसतं. तांबूससाठी गेरू आणि काव मिसळून त्यावर कोरड्या कुंचल्याने काळसर ठिपके दिले. जांभ्याला भोकं असतात, नुसता सपाट रंग दिला तर तो विटेसारखा वाटतो. जाता जाता, बॉम जेझू लाल दिसतं म्हणून अनेकांना ते मूळचंच तसं वाटतं. त्याचाही गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला गेला, आणि उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पावसाचा मारा खातो आहे. संत फ्रान्सिसचा पांढरा गिलावा म्हणूनच मी जरा प्रेमाने केला: व्हायटिंगची (खडूची) पूड आणि पातळ केलेला फेव्हिकॉल, तीन हात, मधे बारीक पॉलिश पेपर. ॲक्रिलिक पांढरा वापरला तर चकाकी येते, चुन्याला चकाकी नसते.

मुख्य दालनाचं छत अर्धगोल कमानीचं आहे. साजेशा व्यासाच्या पीव्हीसी पाइपला आधी प्लास्टिकचा कागद गुंडाळला, त्यावर कार्ट्रिज पेपरचे थर चिकटवले, वाळल्यावर सरकवून काढलं. हे सोपं. कॉयरच्या, म्हणजे साधूंनी एकत्र प्रार्थना म्हणायच्या, माळ्याखालचं छत मात्र फासळ्यांचं आहे, तिथे पाइप चालत नाही. फासळ्यांसाठी मेणदोरा गोंदात भिजवून तारेच्या साच्यावर ताणला आणि मधल्या पोकळ्या टिश्यू पेपरने भरल्या.

या माळ्यावर थोडं थांबतो, कारण माझा मुद्दा इथेच आहे. हा माळा प्रवेशद्वाराच्या वर, वेदीच्या अगदी समोरच्या टोकाला आहे. मठवासी साधूंना दिवसभरात ठरलेल्या वेळी एकत्र प्रार्थना म्हणावी लागे, गावकरी असोत वा नसोत. त्यांची जागा वर, सगळ्यांच्या पाठीमागे. मॉडेलच्या माळ्यावर डोळा टेकवून बघितलं की समोर थेट मुख्य वेदी येते आणि खालचं दालन जवळजवळ नजरेआडच राहतं. वेदी एवढी उंच आणि एवढी झगमगीत का केली असावी, याचं निम्मं उत्तर मला तिथे मिळालं. खाली दारातून येणाऱ्याला ती दिपवतेच, पण तिच्याकडे रोज, तासन्‌तास बघणारे लोक वर बसलेले होते.

वेदीचं काम सगळ्यात चिकट. मध्यभागी कोनाड्यासारखी मोठी पोकळी आहे. तीत क्रुसावरचा येशू आणि संत फ्रान्सिस, दोघांच्या मूर्ती मोठ्या. खाली बैठकीवर दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन ही व्रतं कोरलेली. त्याखाली पवित्र साक्रामेंताची (प्रसादाच्या भाकरीची) पेटी, चार शुभवर्तमानकारांनी, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या संतांनी, पेललेली. दारिद्र्याचं व्रत आणि चहूबाजूंनी सोनं! पण ते सोनं साधूंच्या अंगावर नव्हतं, देवाच्या घरात होतं, असं त्यांनी उत्तर दिलं असतं बहुधा. या प्रमाणात शुभवर्तमानकार तांदळाच्या दाण्यांहून फार मोठे होत नाहीत. इपॉक्सी पुट्टीचे नुसते आकार दिले, चेहरे नाहीत.

सोनेरी रंग डबीतला वापरला की पितळी दिसतो. लाकडावर वर्ख चढवणारे कारागीर आधी तांबड्या मातीचा लेप देतात, तेच केलं: खाली तांबडा, वर फ्रेमवाल्याकडे मिळते ती सोनेरी बेगड, आणि वाळल्यावर उंचवट्यांवर कापडाने हलकेच घासणी. कडांना तांबडा डोकावतो आणि वेदी एकदम जुनी होते. डावी बाजू झाली आहे, उजवी बाकी.

वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संत फ्रान्सिसच्या चरित्रातले प्रसंग रंगवलेले आहेत. फोटो लहान करून छापून चिकटवणं मोहात पाडतं, पण छापलेला कागद शेजारच्या हाताने रंगवलेल्या भागात परका वाटतो. मी फक्त रंगांचे डाग दिले: तपकिरी झगा, निळसर आकाश, कुठे भिंतीचा पिवळा. हातभर अंतरावरून चित्र दिसतं, जवळून काहीच नाही. मला ते चालतं. आधारभिंतींवरची वेलबुट्टी मात्र ट्रिपल झिरो कुंचल्याने खरोखरच काढायला घेतली आहे. ती इतकी दाट आणि नाजूक आहे की सरसकट डाग देऊन भागणार नाही.

जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज मजकूर. मऊ कार्डावर शाई संपलेल्या रिफिलने दाबून रेघा काढल्या, मग करडा रंग देऊन लगेच पुसला. खाचांत रंग उरतो, अक्षरांचा भास होतो.

दर्शनी बाजूबद्दल एक सावधगिरी. तीन मजली भिंत, दोन्ही कडांना अष्टकोनी मनोरे, वर कोनाड्यात संत मायकेल. मनोरे बघून हात आपोआप त्यांत घंटा टांगायला जातो. टांगू नका. घंटाघर मागे आहे, मुख्य वेदीच्या उत्तरेला, सॅक्रिस्टीच्या (पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीच्या) बाजूला. अष्टकोन कापताना प्रत्येक कड साडेबावीस अंशांत तासावी लागते, नाही तर सांधे उघडे राहतात.

मठाच्या बाजूला रंग देणार नाही, ती कोरीच राहील. तिथे आज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रं आहेत (ही चित्रमालिका गव्हर्नर जोआंव द कास्त्रोने १५४७ मध्ये सुरू करवली), पोर्तुगीज कवी कामोइशचा ब्राँझचा पुतळा आहे आणि गोव्यातले वीरगळ नि सतीशिळाही आहेत. साधूंच्या ओवऱ्यांत वीरगळ, ही मांडणी कुणी ठरवून केली असती तरी इतकी चांगली जमली नसती. त्यातला एखादा वीरगळ कोपऱ्यात ठेवायचा विचार आहे.

राहिला दरवाजा. १५२१ च्या इमारतीतला हा एकटा उरलेला तुकडा. पोर्तुगालच्या ज्या राजाच्या नावाने दरवाजाची ही शैली मानुएलिन म्हणून ओळखली जाते तो मानुएल त्याच वर्षी डिसेंबरात वारला. तीन पाकळ्यांची कमान, गोल अर्धस्तंभ, गुलाबफुलांची पट्टी, आणि मानुएलचं चिन्ह असलेली कड्याकड्यांची गोलयंत्रं (आकाशगोल दाखवणारं जुनं उपकरण). सगळं गडद दगडात, भोवती पांढराशुभ्र गिलावा. १:१०० मध्ये एक गोलयंत्र टाचणीच्या डोक्याएवढं होतं, त्यात कडी दाखवणं अशक्य. म्हणून मुख्य मॉडेलमध्ये दरवाजा फक्त गडद आकार म्हणून राहील आणि शेजारी १:२५ मध्ये तो वेगळा उभा करेन. कडी तांब्याच्या बारीक तारेची, पाकळ्यांची कमान जुन्या दगडी पाटीतून कोरलेली. पाटीचा रंग नेमका हवा तसा आहे, पण ती पापुद्र्यांनी सुटते. कुणी पाटी इतक्या बारीक कोरली असेल तर टोक कोणतं वापरलं आणि कोरण्याआधी पातळ सुपरग्लू पाजला का, तेवढं सांगा. तोवर वेदीची उजवी बाजू पुरी करतो.