मांडीवरून समुद्र

मे महिन्यात दादा, वहिनी आणि माझा साडेतीन वर्षांचा भाचा मेलबर्नला आले होते. समुद्राकाठचा ग्रेट ओशन रोड दाखवला नाही तर बहीण कसली, म्हणून शनिवारी पहाटेच निघालो. रस्त्याचं वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 मध्ये बांधला, असं रस्त्यावरच्या कमानीपाशी मी कौतुकाने सांगितलं तर दादा म्हणाला, आपला बोरघाटाचा रस्ता 1830 चा. बरं बाबा.

लॉर्न गाव सोडलं आणि वळणं सुरू झाली. समुद्र डावीकडे, आणि भाच्याची सीट मी बसवलेली उजवीकडे, माझ्या मागे, म्हणजे त्याला नुसता डोंगर. रडारड. मग ‘टक्क’ असा आवाज आला. आरशात बघितलं तर पोरगं वहिनीच्या मांडीवर, नाक काचेला. दादा म्हणाला, असू दे गं, इथे कोण बघतंय, आणि तू कुठे जोरात चालवतेयस. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं माहितीये, पण रस्ता अरुंद, मागे गाड्यांची रांग, थांबायला जागा नाही, आणि दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, त्याला त्याच्या पोराबद्दल मी काय सांगणार.

केप पॅटनला थांबलो. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा चहाचा कप घेऊन उभे होते, त्यांनी वहिनीला पोराला मांडीवर घेऊन बसलेलं बघितलं असणार. मला वाटलं आता लेक्चर. तर ते म्हणाले, सीट जरा बघू का? भाच्याला बसवायला लावलं आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरला. चिमटीत घडी आली. म्हणाले, घडी आली म्हणजे सैल आहे. मग त्याचं फुगीर जाकीट काढलं, पट्टा घट्ट केला आणि जाकीट वरून उलटं पांघरलं, गोधडीसारखं. अंगात जाड जाकीट असलं की पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्याला जाकीट दबतं आणि पोर सुटतं म्हणे. मग सीटच्या मागून जाणारा वरचा पट्टा ओढला. तो लोंबत होता. तो मी लावलेला. चार वर्षं इथे राहून, दादाला नियम ऐकवून, मी!

गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, सगळ्यांना अक्कल शिकवायची सवयच यांना. आणि खरं सांगते, मला आजोबांचा पण राग आला होता. आम्ही बाबांच्या चेतकवर पुढे उभं राहून वाढलो, मामाच्या ओम्नीत अकरा जण कोंबून आंबा घाट उतरलोय, मेलो का? (शेजारच्या गल्लीतला एक मुलगा गेला होता. ते आम्ही धरत नाही.)

सीटबेल्ट जगात पहिल्यांदा सक्तीचा झाला तो याच राज्यात, व्हिक्टोरियात, 1970 मध्ये. इथे सात वर्षांखालच्या मुलाला त्याच्या वयाची सीट लागतेच, आणि सोळा वर्षांखालचं कोणी बेल्टशिवाय सापडलं तर दंड ड्रायव्हरला. म्हणजे मला. दादाला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला, माझ्या लायसन्सची काळजी म्हणून. आपल्याकडेही 2019 पासून कायदा आहे, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. कोणाला झालेला मी ऐकला नाही.

परतीला आजोबांनी केलं तसंच बांधलं. भाचा पाऊण तास भोकाड पसरून रडला, मग झोपला. समुद्र त्याने बघितलाच नाही. वहिनी माझ्याशी लॉर्नपर्यंत बोलली नाही.

पुण्याला गेल्यावर दादाने सीट ऑनलाइन बघितली म्हणे. बारा हजार, आणि दोन वर्षांनी ती ठेवायची कुठे, असं म्हणून बंद केलं.

मागच्या पावसाळ्यातला ताम्हिणीचा एक व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे. भाचा सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर, दोन्ही हात वर, तोंडावर धुकं, खालून दादाचा आवाज, ‘पकडलंय मी, पकडलंय’. परवा शोधून पुन्हा बघितला. खाली सतरा जणांचे हार्ट आहेत, त्यातला पहिला माझा.