तुम्ही विचारलंत म्हणून : ती बोट मी का विकत नाही

मार्च लागला की फोन सुरू होतात. पाडव्याला येणार का? मी नाही म्हणते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दादा विचारतो, आत्या विचारते, इथल्या, इंग्लंडमधल्या, मंडळातल्या मैत्रिणीही विचारतात. एकदा बुडालेली ती कालव्यातली बोट अजून का ठेवली आहेस? ठेवलीच आहेस, तर दोन महिने सगळे शनिवार-रविवार तिच्या पोटात शिरून काय करतेस? यार्डाला पैसे दिले की काम होत नाही का?

आजवर मी तीन उत्तरं देत आले. मजुरी परवडत नाही, मला हौस आहे, आणि विकायला काढली तर भाव येणार नाही. तिन्ही खोटी नाहीत, पण त्यांच्यामागचं कारण मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. नोव्हेंबरात पाइपांतलं पाणी काढून, नळ उघडे टाकून बोट बंद केलेली असते. पाइपाच्या वळणात पेलाभर पाणी राहिलं तरी ते गोठतं, फुगतं आणि सांधा उकलतो. म्हणून मार्चमध्ये पहिल्यांदा सगळे नळ बंद करायचे, टाकीत थोडंसं पाणी घ्यायचं, पंप लावायचा आणि काहीही न बोलता बसून ऐकायचं. दाब भरला की पंप आपोआप थांबतो. नळ बंद असताना तो मध्येच पुन्हा गुरगुरला, तर कुठेतरी गळतंय. मी पंधरा-वीस मिनिटं तशी बसते. मग गुडघ्यांवर येऊन प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू फिरवते. नजरेला जे दिसत नाही ते टिश्यूवर उमटतं.

मग मागे, फळ्या उचलून इंजिनाच्या खड्ड्यात. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा पत्र्यातून बाहेर पाण्यात जातो तिथली, पाणी आत येऊ न देणारी स्टर्न ग्लँड बघायची, ग्रीसची चावी पिळायची. अधूनमधून थेंब पडला तर चालतं, धार नको. बॅटऱ्या, पट्टे, डिझेलचा फिल्टर. शेगडीच्या दाराची, धूर अडवणारी दोरी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, जो राहण्याजोग्या बोटींवर २०१९ पासून सक्तीचा आहे. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला डांबरी काळा रंग द्यायचा आणि मॅग्नेशियमचे ॲनोड किती उरलेत ते बघायचं. ते आधी झिजतात म्हणून पोलाद वाचतं. हे रंगाचं काम मी यार्डाला पैसे देऊनच करून घेते. म्हणजे मजुरी परवडत नाही हे कारण तसं टिकत नाही, हे मला कळतं.

दोन गोष्टींना मात्र मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. एक वीड हॅचचं, म्हणजे पंख्यात अडकलेलं काढायच्या तोंडाचं झाकण, दुसरा बिल्ज पंपाचा, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा फ्लोट.

२०१७ च्या एप्रिलमध्ये अण्णा, माझे वडील, आले होते. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. मांजरा प्रकल्पाच्या कालव्यांवर आवर्तनं सोडण्यात आणि पाणीपट्टीच्या भांडणांत त्यांची नोकरी गेली. आदल्याच वर्षी ते धरण कोरडं पडलेलं त्यांनी पाहिलं होतं, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलंही पाहिलं होतं. इथे नॅप्टनच्या लॉकवर, म्हणजे पाणी सोडून बोट खालच्या पातळीला उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदावर, ते दरवाजाच्या लाकडाला हात लावून उभे राहिले. मी झडपा उघडल्या, बोट खाली उतरत गेली, ते वरून बघत होते. मग त्यांनी लॉकच्या काठाने पावलं टाकत लांबी मोजली आणि खिशातली डायरी काढली. साधारण बहात्तर फूट लांब, सात फूट रुंद, पाणी सहा-सात फूट उतरलं. लाखभर लिटर.

"लातूरला पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणी होत्या," ते म्हणाले. "पाच लाख लिटर. तुझी बोट एक पायरी उतरली, त्याला दोन वाघिणी लागल्या गं."

रागावून नाही म्हणाले. मग कालव्याला पाणी पुरवणाऱ्या वरच्या तळ्यांबद्दल विचारलं. बॉडिंग्टनचं तळं किती मोठं, उन्हाळ्यात पातळी किती उतरते, झडपेला कुलूप कोण लावतं. तशी नऊ लॉकं आम्ही उतरलो आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी नोंद केली. मी त्यांना इतकं रमलेलं आई गेल्यानंतर पहिल्यांदा बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. नॅप्टनच्या जंक्शनवरून ब्रॉन्स्टनकडे वळलो. मध्ये पाचेक मैल एकही लॉक नाही. वळणावरच पंख्यात काहीतरी अडकलं. इंजिन बंद केलं, वीड हॅच उघडली. पंख्याच्या बरोबर वर पोलादाची एक चौकोनी विहीर असते, तिच्यावर झाकण, आणि झाकण दाबून धरायला एक आडवी पट्टी नि स्क्रू. खांद्यापर्यंत हात घालून मी खताची प्लास्टिकची गोणी कापून काढली. बोटं बधिर झाली होती. आतून अण्णांची हाक आली, "चहा गार होतोय." मी झाकण ठेवलं, पट्टी बसवली, स्क्रूला दोन-तीन वेढे दिले. शेवटचा पीळ दिला नाही. फळ्या टाकल्या आणि चहा घ्यायला गेले.

सैल झाकणातून पंखा पाणी वर आत मारत राहतो. इंजिनाचा खड्डा भरला की मागचा भाग जड होतो, खाली बसतो, विहिरीची कडा पाण्याच्या पातळीशी येते आणि मग पाण्याला थोपवणारं काही उरत नाही. असं झालंच तर बिल्ज पंप असतो. पाणी चढलं की फ्लोट वर उचलला जातो आणि पंप सुरू होतो. माझा फ्लोट तेलाच्या चिकट थरात तळाला धरून बसला होता. हिवाळाभर तो तसाच होता.

आणि मार्चच्या यादीत त्याच्यापुढे माझ्या हाताने केलेली बरोबरची खूण होती. त्या दिवशी फळ्या उचलल्या होत्या, पंप दिसत होता, वायर शाबूत होती. हात घालून फ्लोट उचलून बघायला दहा सेकंद लागले असते. मी वरून बघितलं आणि खूण केली.

अर्ध्या तासाने टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, जड लागायला लागला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी अडकलं. मग फळ्यांच्या फटीतून तेलाचे रंग असलेलं पाणी माझ्या बुटांपर्यंत आलं. मी बोट काठाकडे घातली, इंजिन गचके देऊन बंद पडलं आणि मागचा भाग तळाला टेकला. कालवा खोल नसतो, पुरुषभरही नाही. बोट पूर्ण बुडत नाही, ती मागे बसते. हे मला तेव्हा माहीत होतं, अण्णांना माहीत नव्हतं. ते पुढच्या उघड्या भागात बसले होते, कोरडे, काठापासून हातभर अंतरावर. मी ओरडले, "अण्णा, काठावर उतरा!" ते उतरले नाहीत. ते आत गेले.

मागच्या दारातून मला दिसलं. पुढच्या कोरड्या जमिनीवरून ते माझ्याकडे, उताराकडे, चालत येत होते, एका हाताने भिंत धरून. झोपायच्या खोलीत पाणी त्यांच्या गुडघ्यांच्या वर गेलं. पोहता न येणारा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. पलंगावरून त्यांनी माझी ऑफिसची लॅपटॉपची बॅग उचलली, डोक्यावर धरली, वळले आणि तसेच परत पुढे गेले. पायवाटेवरून चाललेल्या एका जोडप्याने त्यांना हात देऊन काठावर घेतलं. त्यांची स्वतःची डायरी त्याच पलंगावर उशीपाशी होती. ती त्यांनी उचलली नाही.

नंतर ती रेडिएटरवर वाळवली. ते शाईच्या पेनाने लिहायचे. पानांवर फिकट निळे ढग उरले आणि पानं एकमेकांना चिकटली.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. मी बोलायच्या आत अण्णांनी फोन घेतला आणि म्हणाले, "जुनी बोट रे, पत्रा सडला होता. हिची काय चूक?" मी समोर बसले होते. त्यांना झाकणाचं मी तासाभरापूर्वीच सांगितलं होतं.

मग तेच सगळीकडे गेलं. सडक्या पत्र्याची बोट. इन्शुरन्सच्या फॉर्मवर मी खरं लिहिलं, झाकणाचंही आणि फ्लोटचंही. इंग्रजीत लिहायला सोपं गेलं. मराठीत आज पहिल्यांदा लिहिते आहे. बोट वर काढल्यावर सर्व्हेयरने अल्ट्रासाउंडने पत्रा मोजला. बाजू बांधताना सहा मिलिमीटरच्या होत्या, कुठेही साडेपाचच्या खाली गेल्या नव्हत्या. बोटीत काहीही दोष नव्हता. २०१९ साली अण्णा गेले. त्यांचं ते वाक्य मी त्यांच्यासमोर कधी खोडलं नाही, आणि नंतर खोडायचं म्हणजे त्यांना खोटं पाडायचं असं वाटत राहिलं.

विकली असती तर ती सडकी म्हणूनच गेली असती. हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं देत होते. आता तेही पुरेसं वाटत नाही. गेल्या वर्षी मी तयारीत अकरा दिवस घातले आणि प्रत्यक्ष फिरले नऊ दिवस. नवरा म्हणाला, तुला बोट चालवायची आहे की तपासायची आहे? मी चिडले. त्याचं बरोबर असेल. हॅचचा स्क्रू पिळून झाल्यावर मी एकदा उठून जाते, परत येते, पुन्हा पिळून बघते. तो आधीच घट्ट असतो. तिसऱ्यांदा बघण्याने २०१७ ची सकाळ बदलत नाही हे मला कळतं. तरी बघते. दुसऱ्या कुणी तपासून सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही, आणि खरं तर माझ्या स्वतःच्या खुणेवरही बसत नाही. यादीवर मी आता खूण करत नाही, काय पाहिलं ते लिहिते. "फ्लोट उचलला, पंप लागला, पाणी बाहेर पडताना दिसलं." अण्णा नोंदी अशाच करायचे.

दादा, तू मेमध्ये येतो आहेस आणि छोटीला बोटीत बसवायचं की नाही हे विचारलं आहेस. पत्र्याची काळजी करू नकोस. निघण्याआधी आपण दोघं फळ्या उचलू. खड्ड्यात हात घालून फ्लोट तू उचल. पंपाचा आवाज तुझ्या कानांनी ऐकलास की मग दोर सोडू.