व्हेरोनाच्या विमानतळावरची दोन माणसं

रात्रीचा दीड वाजलाय, झोप येत नाहीये म्हणून लिहून टाकते. आज परत अंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाचा 'लेक्लिस्से' हा सिनेमा बघितला, 1962चा. कॉलेजात असताना फिल्म क्लबात पहिल्यांदा बघितला होता आणि शेवटच्या त्या सात मिनिटांनी वेड लावलं होतं, म्हणजे हिरो नाही हिरोईन नाही, नुसता रस्त्याचा कोपरा, पिंपातून गळणारं पाणी, बस, आणि शेवटी रस्त्यावरचा दिवा. तेव्हापासून कुणी आवडता सिनेमा विचारला की मी हाच सांगायचे.

पण तो केनियाचा सीन मला आठवतच नव्हता, आणि आज त्याचाच जास्त त्रास झाला.

हिरोईन व्हित्तोरियाची मार्ता नावाची शेजारीण आहे, केनियात वाढलेली. तिच्या घरात भिंतभर तिथले फोटो, हत्तीच्या पायाचं टेबल. व्हित्तोरिया, म्हणजे नटी मोनिका व्हित्ती, तोंडाला अंगाला काळा रंग फासते, हातात भाला घेते आणि ढोलाच्या रेकॉर्डवर नाचते. बाई इतक्या मोकळ्या सबंध सिनेमात क्वचितच दिसतात! तेच तर खुपतं, की हिला मोकळं व्हायला दुसऱ्याची कातडी लागते. मग मार्ताच म्हणते बास कर आता, आणि थोड्या वेळाने तीच तिथल्या लोकांना माकडं म्हणते. केनियाला स्वातंत्र्य मिळालं डिसेंबर 1963ला, म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा ते दाराशी येऊन ठेपलं होतं, मार्ताच्या बोलण्यात ती धास्ती स्पष्ट ऐकू येते.

दिग्दर्शक मार्ताच्या बाजूने नाहीये हे मला पटतं. माकडं हा शब्द तिच्या तोंडून येतो आणि व्हित्तोरियाला तो आवडत नाही, ते दिसतं. पण रंग फासण्याबद्दल सिनेमाला काही वाटतं का? मला तरी तसं दिसलं नाही, कॅमेरा तिच्या नाचावर खूश आहे. आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय ते त्या घरात फक्त फोटोत आहेत. रोममधलं ते ईयूआर उपनगर, जिथे सिनेमा घडतो, ते मुसोलिनीने 1942च्या प्रदर्शनासाठी बांधायला घेतलेलं, त्याच मुसोलिनीने इथिओपिया बळकावला आणि तिथल्या अक्सुम शहरातला भलामोठा दगडी स्तंभ 1937ला रोममध्ये आणून उभा केला, तो परत जायला 2005 उजाडलं. म्हणजे हा सिनेमा शूट होत होता तेव्हा तो स्तंभ त्याच शहरात उभा होता, तरी गप्पा मात्र इंग्रजांच्या केनियाच्या. स्वतःच्या देशाने आफ्रिकेत काय केलं ते कुणी काढतच नाही.

आणि मग व्हेरोना, इटलीतलंच दुसरं शहर. विमानातून उतरल्यावर बारबाहेर दोन काळी माणसं बसलेली दिसतात, व्हित्तोरिया त्यांच्या बाजूने जाते, बास, एवढंच. एकही वाक्य नाही त्यांना. मी तिथे पॉज केलं आणि बराच वेळ बघत बसले, कुठून आली असतील, कुठे चालली असतील. कॉलेजात हे दोघे माझ्या नजरेलाच पडले नव्हते आणि याचं मला खरंच वाईट वाटतंय, कारण मी स्वतः सावळी, घरात लहानपणापासून बेसन-हळदीचे लेप लावून घेतलेले, आणि तरी तो नाच तेव्हा मला नुसता छान वाटला होता.

सिनेमा अजून आवडतो. रविवारी ताईला दाखवायचंय, पण तो सीन यायच्या आधी सांगणार तिला, आणि व्हेरोनाला परत पॉज करणार.