माझ्या कॅटमध्ये दालेत नव्हतं

आधीच सांगते, मी ज्योतिषी वगैरे नाही, पण हिब्रू अक्षरांचे बावीस पत्ते हाताने काढून शकुन बघायचा एक कॅट केला, ही त्याची गोष्ट, आणि दालेत हे त्यातलंच एक अक्षर. गोव्यात हरमलला एका गेस्टहाऊसचे हिशेब बघते, जीएसटी भरते, सीझनला रिसेप्शनवर पण बसते. तिथल्या कॅफेचा मेन्यू तीन भाषांत आहे, इंग्लिश, रशियन आणि हिब्रू, कारण हरमल-मोरजीच्या बाजूला इस्रायली पोरं आर्मी संपवून महिना महिना येऊन राहतात. तर मी हिब्रू शिकले ती शक्शुकावरून, म्हणजे टोमॅटोच्या रश्शातली अंडी. मेन्यूत तो शब्द सहा अक्षरांचा आहे, शिन कोफ शिन वाव कोफ हे, उजवीकडून डावीकडे, आणि त्यातली दोन अक्षरं दोनदा येतात म्हणून ओळखायला सोप्पा. तिथून पुढे फलाफल, मग हुम्मुस, असं करत करत अक्षरं जमली. खाण्यावरून शिकलेली लिपी विसरत नाही, करून बघा.

पण शिन मला त्याच्या आधी माहीत होतं, नाव माहीत नव्हतं इतकंच. माझं आजोळ रेवदंड्याचं. आजीच्या गल्लीत एक घर कायम कुलूपबंद असायचं, घरवाले इस्रायलला गेलेले, बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू, गावातली जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणायची कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्या घराच्या चौकटीवर उजवीकडे एक बोटभर लांबीची डबी ठोकलेली होती आणि तिच्यावर तीन दांड्यांचं एक चिन्ह. मला वाटायचं त्रिशूळ आहे. मी येता जाता नमस्कार करायचे! ती मेझुझा होती, ज्यू लोक दाराला लावतात ती प्रार्थनेची डबी, आणि ते शिन होतं हे कळायला मला हरमलची शक्शुका लागली.

तर पत्ते. हिब्रूत बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं, आणि जुन्या नावांचा अर्थ काढला तर नुसतं घरातलं आणि गोठ्यातलं सामान निघतं. आलेफ म्हणजे बैल, बेत घर, गिमेल उंट, दालेत दार, वाव आकडा म्हणजे अडकवायचा हुक, योद हात, काफ तळहात, लामेद बैल हाकायची पराणी, मेम पाणी, नून मासा, आयिन डोळा, पे तोंड, रेश डोकं, शिन दात. मला हेच जाम आवडलं. आईला टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांतला, तो उलटा टांगलेला माणूस दाखवला तर ती म्हणाली हे बाजूला ठेव आधी, पण घर, दार, पाणी, मासा म्हटल्यावर तिला काही समजवावं लागत नाही, आणि गोव्यात मासा म्हणजे काय ते तर अजिबातच नाही.

टॅरोवाले म्हणतील, अगं हे आमच्यात आहेच की, बावीस मोठे पत्ते आणि बावीस अक्षरं. आहे, पण ती जोडणी नंतरची. टॅरो मुळात पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला खेळायचा डाव, हिब्रूशी त्याची गाठ १७८१ मध्ये फ्रान्समध्ये कागदावर बांधली गेली, मग एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्यावाल्याने आलेफ जादूगाराच्या पत्त्याला दिलं आणि लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने तेच आलेफ मूर्खाच्या पत्त्याला दिलं, म्हणजे तिथून पुढची जवळजवळ सगळी रांग एकेक घर सरकली. कोणाचं बरोबर? मी ठरवलं दोघांचंही नको. नुसतं अक्षर आणि त्याचं जुनं नाव, बस्स.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे म्हणा. चू चे चो ला आलं की अश्विनी, नावरस अक्षर काढून बाळाचं नाव ठेवतो आपण. शकुन बघायच्या रामशलाकेत पंधरा बाय पंधराचा अक्षरांचा चौकोन, डोळे मिटून बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर उचलत गेलं की चौपाई तयार. हिब्रूत पाच अक्षरांचं शब्दाच्या शेवटी वेगळं रूप होतं, ती धरली तर बावीस अधिक पाच सत्तावीस, आणि नक्षत्रं पण सत्तावीस! हे लक्षात आलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत तक्ता मांडत बसले होते. सकाळी उठून फाडला. अशा जोडण्या कुठेही लावता येतात, सुरवात केली की थांबवत नाही.

बनवायची गोष्ट जास्त मजेची आहे. म्हापशाहून ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, दोन ए-थ्री आयव्हरी शीट आणल्या. सात बाय बारा सेंटीमीटरचा पत्ता धरला तर एका शीटमध्ये बारा बसतात, दोन शीटचे चोवीस, म्हणजे बावीस कामाचे आणि दोन चुकायला. दोन! कोणी सांगितलं होतं मला दोन पुरतील म्हणून. पहिला लामेदमध्ये गेला, कारण लामेद हे एकच अक्षर वरच्या रेघेच्या वर मान काढतं आणि मी वर जागाच सोडली नव्हती. दुसरा शाईत गेला. कट निबच्या, म्हणजे चपट्या टोकाच्या, फाउंटन पेनची शाई वॉटरप्रूफ नसते हे मला कळत होतं पण जुलैत गोव्यातली हवाच पाण्याची असते हे डोक्यात नाही आलं, सकाळी बघते तर सामेख फुगून इडली झालेली. मग वॉटरप्रूफ शाई आणली आणि बुडवायच्या निबने काढले.

लिहिताना एक गंमत कळली. हिब्रू अक्षरं आपल्यासारखीच वरच्या रेघेला लटकतात. म्हणजे शिरोरेषा दिसत नाही पण लिहिणारा रेघ वर मारतो आणि अक्षर खाली सोडतो, त्यामुळे मराठी हाताला ते पटकन जमतं. आडव्या रेघा जाड, उभ्या बारीक. फक्त आपला हात गोलाईचा, आणि हिब्रूत कोपऱ्याला किंमत आहे. बेत आणि काफ सारखेच दिसतात, खाली मागे टाच निघाली की बेत. 'हे' आणि 'खेत' या अक्षरांमध्ये फरक डाव्या पायाला वर फट आहे की नाही इतकाच. आणि दालेत-रेश. दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार, थोडा बाहेर आलेला. रेशचा गोल. बाकी दोघं जुळी भावंडं.

पत्त्यावर मी फक्त अक्षर काढलं. नाव नाही, आकडा नाही, चित्र नाही, मला वाटलं किती देखणं दिसतंय. आकडा घालायला हवा होता हे आता कळतं, कारण प्रत्येक हिब्रू अक्षर आकडा पण असतं, आलेफ एक, योद दहा, कोफ शंभर, ताव चारशे, आणि दालेत चार तर रेश दोनशे. पण तेव्हा मी डिझायनर झाले होते ना.

लावायची माझी पद्धत साधी. प्रश्न मोठ्याने विचारायचा, तीन पत्ते उजवीकडून डावीकडे मांडायचे. तीनच का, तर हिब्रूत बहुतेक शब्दांचं मूळ तीन व्यंजनांचं असतं. सामेख पे रेश अशी तीन आली तर त्याचा सेफर म्हणजे पुस्तक होतं, सापार म्हणजे न्हावी होतो, साफार म्हणजे मोजलं, सगळं त्याच तीन अक्षरांत, स्वर वाचणाऱ्याने आपल्या डोक्यातले घालायचे. असा अख्खा शब्द नशिबानेच निघतो, नाहीतर एकेक वस्तू धरून बोलायचं. अजून एक, बावीसच्या कॅटमध्ये देवाचं चार अक्षरी नाव कधीच पडू शकत नाही, कारण त्यात 'हे' अक्षर दोनदा येतं आणि आपल्याकडे ते एकच. हे मी मुद्दाम नाही केलं, पण कळल्यावर बरं वाटलं. ज्यांचं ते नाव आहे ते ते तोंडाने उच्चारत पण नाहीत, आपण टेबलावर मांडायचं म्हणजे जरा जास्तच झालं असतं. आणि या मातीत हिब्रू ही गंमतीची गोष्ट नेहमीच नव्हती. पणजीत ज्याच्या नावाची बाग आहे तो गार्सिया द ओर्ता, गोव्यात औषधांवर पुस्तक छापणारा डॉक्टर, ज्यू घराण्यातला होता, त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, १५६९ मध्ये जाळलं आणि १५८० मध्ये तर त्याची हाडं उकरून जाळली. त्या बागेच्या बाकावर बसून मी कॉर्नर पंचने पत्त्यांचे कोपरे गोल करत होते, बसची वाट बघत. म्हणजे मी तेव्हा फक्त कोपऱ्यांचा विचार करत होते हे पण खरं.

आईला पहिला पत्ता आला कोफ. कोफचा जुना अर्थ डोक्याची मागची बाजू असा सांगतात, पण हिब्रूत कोफ म्हणजे माकड पण. प्रश्न होता यंदा नारळ किती मिळतील. आई म्हणाली, ह्याला पत्ता कशाला हवा, मागे बघ की माडावर. खरंच दोन बसली होती.

कौल लावण्यासारखं हे नसतं हे मी सगळ्यांना सांगायचे. देवळात मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली की हो, प्रश्न मिटला, भटजी पण घरी तुम्ही पण घरी. पत्ता हो-नाही म्हणत नाही. तो एक वस्तू पुढे ठेवतो आणि तुम्ही तिच्याभोवती बोलायला लागता. असं मी म्हणायचे. मग ताई आली.

ताई म्हणजे माझी मोठी मावसबहीण, फोंड्याला असते. तिचा प्रश्न गोव्यात घरोघरी असतो तोच, पोर्तुगीज पासपोर्ट. वडील १९६१ च्या आधीचे इथले, म्हणजे लिस्बनला जन्म रजिस्टर करून तिला नागरिकत्व मिळू शकतं, पण मग इंडियन पासपोर्ट परत द्यायचा, मतदान गेलं, आणि भावजी म्हणतात इथलं सोडून युरोपात गोदामात पेट्या उचलायला जायचं का. ऑगस्टची गोष्ट, लाइट गेलेली, समईच्या उजेडात तीन पत्ते मांडले. बेत. वाव. आणि तिसरा, मी म्हटलं, दालेत. घर, हुक आणि दार. ताई गप्प बसली बराच वेळ. मग म्हणाली, घराला मी अडकवून ठेवलेय की घराने मला गो? मी म्हटलं, पण दार आहे ताई. शेवटी दार आहे. ती रडली थोडी, चहा प्यायली, आणि पुढच्या आठवड्यात तिने एजंटला पहिला हप्ता दिला.

नोव्हेंबरात पहिली गर्दी आली. कॅफेत दुपारी काही काम नव्हतं म्हणून मी पत्ते पुसत बसले होते, पावसाने पिवळे पडलेले, दोन-तिघांवर बुरशीचे ठिपके. एक इस्रायली पोरगा, बावीस-तेवीसचा, लिंबूसोडा घेऊन बाजूला येऊन उभा राहिला. आधी म्हणाला, हे आमच्यात चालत नाही, शकुन बघायला तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, सरळ मनाई आहे. मी म्हटलं सॉरी, उचलते. म्हणाला नको नको, बघू दे. सगळे ओळीने मांडले त्याने, आलेफपासून, आपल्या आजीने पत्ते लावावेत तसे शांतपणे. चौथ्या जागेशी थांबला. मग शेवटून तिसरा उचलला आणि दोन्ही शेजारी ठेवले. म्हणाला, तुझ्याकडे रेश दोन आहेत. दालेत नाहीच.

मी भांडले! म्हटलं हा बघ ह्याचा कोपरा जरा टोकदार आहे. तो म्हणाला कुठे? आणि खरंच, मी बघते तर कुठे. मला इतके महिने दिसत होता. मग त्याने सांगितलं की त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत, ऐक इस्राएला म्हणतात त्या ओळीत, शेवटचा शब्द एखाद आहे, म्हणजे एक, आणि दालेतच्या जागी रेश झालं तर आखेर होतं, म्हणजे दुसरा, देव एक आहे चं देव दुसरा आहे होईल. म्हणून तोराच्या गुंडाळीत ते दालेत मुद्दाम मोठं लिहितात. माझ्या पेनाने पत्त्याच्या कडेला टोकदार दालेत काढून दाखवलं, सोडा संपवला, गेला.

रात्रभर मला एकच. ताईला आलेला तो पत्ता कुठला होता, मी दालेत समजून काढलेला की खरा रेश, हे आता कोणीच सांगू शकत नाही, दोन्ही सारखेच. रेश असेल तर घर, हुक आणि डोकं. डोकं म्हणजे काय झालं असतं? डोकं शांत ठेव, डोक्याने विचार कर, काहीही. कोपरा गोल होता आणि मी दार म्हटलं, कारण ताईला जायचंय हे मला तिच्या चेहऱ्यावर पत्ते पिसायच्या आधीपासून दिसत होतं. व्यंजनं पत्त्याची, स्वर माझे. आणि वर मी सगळ्यांना सांगत होते की पत्ता हो-नाही म्हणत नाही. पत्ता नाही म्हणत, मीच म्हटलं की!

ताईला फोन केला. सगळं सांगितलं, सॉरी म्हटलं, डोक्याचं पण सांगितलं. ती भाजी चिरत होती बहुतेक, मागे कुकरची शिट्टी. म्हणाली, एजंट पैसे परत देणार आहे का? म्हटलं नाही. मग? म्हणाली. आणि कुकर बंद करायला गेली.

नवीन दालेत केलं. त्यासाठी तिसरी शीट आणावी लागली, अकरा कोरे पत्ते अजून पडून आहेत. कोपरा या वेळी असा काढलाय की बोटाला टोचेल. मागे आकडा नको म्हणून पुढे कोपऱ्यात बारीक चार लिहिला, बाकीच्यांवर पण आकडे घातले. पण एक घोळ झालाय, जुने पत्ते पावसाने पिवळे पडलेत आणि हा एकटा पांढराफेक, त्यामुळे पालथा ठेवला तरी लांबून कळतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना करून बघू म्हटलं तर आई म्हणाली वाकेल तो. दिवाळीनंतर ताई आली होती. पत्ते काढ म्हणाली. मी पिसले, पालथे पसरले, तिने इकडे तिकडे बघितल्यासारखं केलं आणि सरळ पांढरा उचलला. म्हटलं ताई, हे चालत नाही. ती म्हणाली, तू दोन रेश घेऊन बसलेलीस ते चालत होतं?