कराड ते नरसोबाची वाडी: कृष्णेत कुठं पोहावं आणि कुठं नुसते पाय धुवावेत

मे महिन्यात कृष्णेच्या काठाकाठानं खाली जायचं आणि जमेल तिथं पोहायचं, असा मी आणि मामेभावानं बेत केला. सामानात टॉवेल, लांब दोर आणि ट्रकची हवा भरलेली ट्यूब. मामीनं निघताना एकच अट घातली होती: घाटावरच्या माणसाला विचारल्याशिवाय कपडे काढायचे नाहीत. कृष्णा दर पंधरा-वीस किलोमीटरला स्वभाव बदलते, त्यामुळं ती अट वाटेत पदोपदी उपयोगी पडली.

कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात पूर्वेकडं वळतात. यशवंतरावांच्या समाधीकडून बघितलं तर उन्हाळ्यात पाणी अगदी गरीब दिसतं. पण दोन धारा मिळतात तिथं तळ एकसारखा नसतो. मांडीभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल गळ्याइतक्या पाण्यात पडू शकतं. शिवाय कोयनेचं पाणी वर धरणावर ठरतं. पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू झालं की १०५० क्युसेक, दोन्ही चालू झाली की २१०० क्युसेक पाणी नदीत सुटतं. म्हणजे आभाळात ढग नसतानाही नदी चढते. आम्ही पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवली. काडी बुडायला लागली की बाहेर यायचं, बाकी चर्चा नंतर. सकाळी काठाजवळ मनसोक्त डुंबलो, धारेकडं फिरकलो नाही.

औदुंबरला मात्र ट्यूब गाडीतच राहिली. दत्ताच्या देवळाखालचा घाट, उंबराची सावली, पलीकडं भिलवडीच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ आणि मधे संथ, हिरवट, खोल पाणी. पोहणाऱ्याला मोह होणारच. पायऱ्यांवर बसलेल्या नावाड्यानं आमच्या हातातल्या टॉवेलाकडं बघितलं.

"पाव्हणं, आंघोळ करायची तर वरच्या पायरीवर बसा आन् तांब्यानं घ्या."

"मगर हाय का मामा?"

"ती काय सांगून येती व्हय?"

भिलवडी, औदुंबर, आमणापूर ते डिग्रज हा सगळा पट्टा मगरींचा आहे. माणसांवर हल्ले झालेले आहेत, घाटावर धुणं धुताना आणि पोहताना. मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत आसपास राखण करते. म्हणजे आपल्याला पोहावंसं वाटतं नेमक्या त्याच दिवसांत ती जास्त बिथरलेली असते. नावाड्यानं पलीकडच्या मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीच्या, उतारावर एक गुळगुळीत घसरगुंडी दाखवली, ओल्या मातीत पोट घासत गेल्याचा पट्टा. असा पट्टा दिसला की पाण्यापासून चार हात लांबच राहा. भिलवडी ते डिग्रज पोहण्याचा विचारच नको. नावेतून पलीकडं जा, तेही नाव खचाखच भरलेली नसेल तरच. २०१९ च्या महापुरात इथून जवळच ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, ती आठवण काठावर अजून ताजी आहे.

सांगलीत मनासारखं पोहायला मिळालं. पहाटे माई घाटावर रोजची मंडळी असतात. सत्तरी ओलांडलेले आजोबा आयर्विन पुलाच्या दिशेनं निवांत हात मारत जातात आणि काठाशी तरंगायला पाठीला रिकामा डबा बांधलेली पोरं पाय आपटत असतात. डब्याचं झाकण लाखेनं बंद केलेलं आणि सुती पट्टा काखेतून घेऊन छातीवर गाठ. गाठ बापानं मारली तरी शिकवणारा ती पुन्हा ओढून बघतो. पोर तयार होईल तसा डबा लहान होत जातो. नवख्यानं या मंडळींच्या सोबतच उतरावं, ती जिथून उतरतात तिथूनच. मगर अधूनमधून इथपर्यंतही येते आणि ती दिसल्याची बातमी पहिल्यांदा यांनाच कळते. पावसाळ्यात हेच लोक पाण्यात जात नाहीत, पुलावरचे आकडे बघतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका.

सूर मारायचा असेल तर आधी त्या जागी पायानं तळ चाचपून या. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत, बुडालेला दगडही दिसत नाही.

सगळ्यात मोठा धोका बंधाऱ्याचा, आणि त्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात. डिग्रज, सांगली, म्हैसाळ, राजापूर, सगळीकडं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, म्हणजे खांबांच्या मधे काढता-घालता येणाऱ्या फळ्या (बरगे) बसवून पाणी अडवणारे. बरगे घातलेले असतात तेव्हा वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं शांत दिसतं, पण बरग्यांच्या फटीतून किंवा निघालेल्या बरग्याच्या जागेतून खाली जोरात ओढ असते. माणूस फळीला चिकटला की सुटत नाही. खालच्या अंगाला पडणारं पाणी गोल फिरतं आणि पोहणाऱ्याला पुन्हा धारेखाली घेतं. पट्टीचा पोहणाराही तिथं हतबल. भिंतीपासून दोन्ही बाजूंना भरपूर लांब राहायचं.

कुणी बुडताना दिसला तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, ट्यूब, साडी, जे असेल ते फेका. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबत किंवा त्याला उलटं धरत बसू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करा. १०८ ला फोन दुसऱ्यानं लावायचा.

वाडीला पंचगंगा येऊन मिळते. तिच्या बाजूला केंदाळ (जलपर्णी) फार, पाय अडकतात, आणि पाणीही तोंडात घेण्यासारखं नाही. पाण्यावर फेस किंवा मेलेले मासे दिसले तर त्या दिवशी दर्शन घेऊन परत फिरा. आम्ही देवळासमोरच्या घाटाला साखळी धरून डुबक्या मारल्या. इथल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चप्पल वर काढून बसत बसत उतरा. बासुंदी आणि कवठाची बर्फी पाण्यातून बाहेर आल्यावर खा, आधी नको. आणि संध्याकाळची पालखी बघायची असेल तर गाडी लांबच लावा, घाटाकडच्या गल्लीत वळवायलाही जागा मिळत नाही.