भंडारदऱ्याचं धुकं : काठावर झोपू नका

आधीच सांगतो, धुकं बघायला म्हणून तलावाच्या काठावर तंबू घेऊ नका. आम्ही घेतला. माणशी १५०० रुपये, शेकोटीचे २०० वेगळे (हे तिथे पोचल्यावर कळलं), आणि रात्री एकपर्यंत शेजारच्या ग्रुपचा स्पीकर फुकट.

त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा शनिवार. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीपने घोटी, तिथून तलावाजवळचं शेंडी गाव. वेळेत पोचलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तंबूवाला फोनवर म्हणाला होता, "साहेब, सकाळी चेन उघडली की समोर धुकं." खोटं नाही बोलला. चेन उघडली तर समोर धुकंच होतं, इतकं की शेजारचा तंबूसुद्धा दिसेना. धुक्याच्या आत बसून धुकं दिसत नाही, ही एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नव्हती. वर रात्रभर तंबूच्या कापडाला आतून सुटलेलं पाणी तोंडावर टपकत होतं. स्लीपिंग बॅग ओली, सॉक्स ओले.

मग म्हटलं, पाण्यापर्यंत तरी जाऊ. तंबूपासून जेमतेम साठ पावलं. हा तलाव म्हणजे प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणाचं पाणी; धरण १९२६ सालचं. पावसाळ्यात काठोकाठ भरतं आणि नंतर पाणी थोडं जरी उतरलं तरी काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून बिस्किटासारखी तडकलेली पापडी, खाली लोणी. मी चाळिसाव्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत. मित्राने काखेत हात घालून ओढलं, पाय आला, फ्लोटर नाही आला. अंधारात काठाकडे जायचंच असेल तर हातात काठी घ्या आणि गवत संपलं की थांबा. गवत संपलं की थांबा, पुन्हा सांगतो.

त्या दिवशी दुपारी रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं देऊळ बघितलं. सुंदर आहे.

सोमवारी अक्कल आली. रविवारी रात्री शेंडीत साधी खोली घेतली, सव्वापाचला टॉर्च घेऊन निघालो आणि तलावाच्या वरच्या अंगाला एका टेकाडावर चढलो. वीस मिनिटांचा चढ, दम लागेल इतपत. सहाच्या सुमारास उजाडायला लागलं तेव्हा खाली तलाव नव्हताच. दूध तापत आलं की साय हलते ना, तसं काहीतरी पांढरं संथ हलत होतं. कळसूबाईचा माथा आधी तांबूस झाला, मग रतनगड. खालून कुठूनतरी गाईच्या घंटेचा आवाज येत होता, गाय दिसत नव्हती. आम्ही दोघं चक्क अर्धा तास गप्प. साडेसातला पाणी मोकळं, खेळ खलास.

रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तरच उठा. दिवसभर तापलेलं पाणी रात्री उबदार राहतं, डोंगरावरची गार हवा त्यावर उतरते आणि वाफ तिथेच थंड होऊन तिच्या बारीक थेंबांचं धुकं होतं. ढग किंवा वारा असेल तर खुशाल झोपा. लेन्स पुसायला दोन सुकी फडकी न्या, एक पुरत नाही. फोटोसाठी होडी अजिबात घेऊ नका, पांढऱ्या कागदाचे फोटो येतात.

आणि कुणाला फ्लोटर सापडला तर तो डावा आहे, नऊ नंबर.